किनाऱ्याचं तोंड कुठे आहे?

थायलंडच्या दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी खाली उतरत जाते. तिच्या पश्चिमेला अंदमान समुद्रात फुकेत आहे आणि पूर्वेला थायलंडच्या आखातात को समुई. सरळ रेषेत मोजलं तर दोघांत जेमतेम २५० किलोमीटर. 'नोव्हेंबरात थायलंडचा किनारा कसा असतो?' असं विचारलं, तर फुकेतचा माणूस सांगेल की पाऊस आता आवरत आलाय. समुईचा म्हणेल, अहो, वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस याच महिन्यात! दोघंही खरंच सांगत असतात. चूक असते ती विचारणाऱ्याची, कारण त्याने देशाचा ऋतू विचारला.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या किनाऱ्यांवर ऋतू तापमानावरून ओळखायला गेलं की फसगत होते. विषुववृत्ताला खेटून असलेल्या सिंगापूरमध्ये सर्वांत गरम आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरीत फरक असतो दोनेक अंशांचा. दिवस आणि रात्र यांच्यातला फरक त्याहून कितीतरी मोठा. थोडक्यात, तिथला हिवाळा रोज रात्री येतो आणि सकाळी जातो. इथे ऋतू बदलतो म्हणजे वारा बदलतो. सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा पावसाचा पट्टाही थोडा मागे रेंगाळत त्याच्यामागे जातो. दक्षिण आणि आग्नेय आशियात तर वारे चक्क उलटे फिरतात: जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून. समुद्रावरून येणारा वारा ज्या किनाऱ्याच्या तोंडावर आपटतो, तिथे पाऊस. ज्याच्या पाठीकडून येतो, तिथे ऊन.

हे एकदा ध्यानात आलं की नकाशा वेगळाच दिसू लागतो. श्रीलंकेत नैऋत्येकडच्या गॅलचा किनारा डिसेंबर ते मार्च निवांत असतो, तर ईशान्येकडच्या त्रिंकोमालीचा मे ते सप्टेंबर. बेट एकच, बाजू दोन. कोकण जुलैत धो धो भिजत असताना चेन्नई आपल्या पावसाची वाट बघत असते; तिचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. हवाईच्या मोठ्या बेटावर तर ऋतूची वाटही बघावी लागत नाही. तिथे ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे वर्षातला बहुतेक काळ एकाच दिशेने वाहतात. त्यांच्यासमोर असलेल्या हिलो गावात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि शंभर किलोमीटरच्या आत, ज्वालामुखींच्या आडोशाला असलेल्या कैलुआ-कोनाला ५०० मिलिमीटरही नाही.

पाऊस नाही म्हणजे ऊन आहे, हा आणखी एक गोड गैरसमज. पेरूची राजधानी लिमा १२ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे पक्क्या उष्ण कटिबंधात, आणि समुद्राकाठी आहे. पावसाचा वर्षाचा आकडा इतका किरकोळ की वाळवंटालाही शोभावा. पण किनाऱ्यालगतच्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे जून ते ऑक्टोबर तिथलं आकाश राखाडी ढगांनी गच्च झाकलेलं असतं. पावसाचा तक्ता बघून ऑगस्टात लिमाला समुद्रस्नानाला जाणारा माणूस स्वेटर शोधत फिरेल.

एकूणच पावसाच्या मासिक तक्त्यावर माझा फार विश्वास नाही. ३०० मिलिमीटर हा आकडा महिनाभर रोज दुपारी तासभर कोसळणाऱ्या सरींचा असू शकतो, नाहीतर आठवडाभर न हटणाऱ्या झडीचाही. पर्यटकाच्या दृष्टीने यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकाराचं झकास उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियात डार्विनच्या उत्तरेला, तिवी बेटांवर उगवणारा 'हेक्टर' नावाचा ढग. ढगाला नाव असण्याचं कारण म्हणजे त्याचा वक्तशीरपणा. सकाळी आकाश निरभ्र असतं. ऊन चढतं, जमीन तापते, आणि बेटाच्या दोन्ही बाजूंनी खारे वारे आत शिरतात. मध्यावर त्यांची टक्कर झाली की दमट हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. दुपारी फुलकोबीसारखे फुगे दिसू लागतात, बघता बघता त्यांचा मनोरा होतो आणि त्याचं टोक १५-२० किलोमीटर उंचीवर जाऊन ऐरणीसारखं पसरतं. मग विजा, मग पाऊस, आणि संध्याकाळपर्यंत सगळं शांत. पावसाळा जम धरण्याआधीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात हे जवळजवळ रोज घडतं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक या ढगाचा खुणेच्या दगडासारखा उपयोग करत. अशा किनाऱ्यावर पहाटे उठणाऱ्याला 'पावसाळी' महिन्यातही पाच-सहा तास स्वच्छ ऊन मिळतं. उशिरा उठणाऱ्याला नाही.

मग दमटपणा. फोनवर दिसणारी आर्द्रतेची टक्केवारी इथे दिशाभूल करते, कारण ती हवेच्या तापमानावर अवलंबून असते. पहाटे २४ अंश आणि ९० टक्के, दुपारी ३२ अंश आणि ६५ टक्के: आकडा घटला, पण चिकचिक वाढली. खरं मोजमाप म्हणजे दवबिंदू, म्हणजे हवा किती थंड केली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होईल ते तापमान. वरच्या उदाहरणात तो पहाटे २२ अंश आहे आणि दुपारी साडेचोवीस. दवबिंदू २४ च्या पुढे गेला की घाम वाळेनासा होतो, आणि न वाळणारा घाम शरीराला गारवा देत नाही. पंचवीस-सव्वीसच्या दवबिंदूत किल्ला चढायचा बेत करू नये. पाण्यात डुंबायला मात्र त्याची काही अडचण नाही.

पाण्याचं स्वतःचं वेळापत्रक आहे. साधारणपणे समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, म्हणून जमिनीच्या मागे महिना-दोन महिने चालतो. अरबी समुद्र याला अपवाद. तो मे महिन्यातच ३० अंशांच्या आसपास पोचतो. मग मोसमी वारे पाणी घुसळतात, खालचं थंड पाणी वर येतं, ढग ऊन अडवतात, आणि ऐन जुलै-ऑगस्टात समुद्र दोन-तीन अंशांनी उतरतो.

लाटांना तर स्थानिक हवामानाशी देणंघेणंच नसतं कधी कधी. केरळमध्ये एप्रिल-मे महिन्यांत, आकाश कोरं आणि वारा पडलेला असताना, समुद्र अचानक फुगून घरांत शिरतो. त्याला मल्याळममध्ये 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. या लाटा जन्मलेल्या असतात हजारो किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांत, आणि त्यांना इथवर यायला बरेच दिवस लागतात. म्हणून निळंभोर आकाश हा पोहण्याचा परवाना समजू नये. इशारा आधी बघावा.

चक्रीवादळांचं गणित त्या मानाने सोपं. समुद्र साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेला हवा आणि जागा विषुववृत्तापासून साधारण पाच अंशांपेक्षा लांब हवी, कारण त्याच्या आत वाऱ्याला गरगर फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम फारच क्षीण असतो. (डिसेंबर २००१ मध्ये 'वामेई' हे वादळ सिंगापूरजवळ १.४ अंशावर तयार झालं होतं; नियमाची टिंगल करणारा असा एखादा निघतोच.) अटलांटिकचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, सप्टेंबरच्या सुरुवातीनंतर कळस. बंगालच्या उपसागराचं गमतीशीर आहे: तिथे दोन मोसम, मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर. मधल्या काळात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे एकमेकांना इतके छेद देतात की वादळाचा खांब उभाच राहू शकत नाही.

एवढं सगळं बघून तारखा ठरवल्या तरी त्या तीस वर्षांच्या सरासरीवर बेतलेल्या असतात, आणि सरासरी कुणी अनुभवत नाही. एल निन्योच्या वर्षी, म्हणजे पॅसिफिकचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं तेव्हा, इंडोनेशिया कोरडा पडतो आणि पेरूचा एरवी सुका असलेला उत्तर किनारा पुरात जातो. शिवाय ढगांचा एक प्रचंड जथा हिंदी महासागरातून पूर्वेकडे सरकत असतो, ३० ते ६० दिवसांनी पुन्हा येतो. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी १९७१ मध्ये तो दाखवून दिला. तो डोक्यावर असेल तर कोरड्या महिन्यातही ओला आठवडा, आणि पुढे सरकला असेल तर भर पावसाळ्यात उघडीप. सुदैवाने त्याची चाल दोन-तीन आठवडे आधी बऱ्यापैकी कळते, म्हणून तिकीट सरासरीवरून काढावं आणि रोजचे बेत जथा बघून करावेत.

आणि 'वाईट' ऋतू कुणासाठी वाईट? मालदीवमध्ये नैऋत्य मोसमी काळात आकाश भरलेलं असतं आणि पाणी प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी, गढुळलेलं. पांढऱ्या वाळूचा फोटो हवा असणाऱ्याने तेव्हा जाऊ नये. पण मे ते नोव्हेंबर या काळात बा प्रवाळद्वीपाच्या पूर्व कडेला हनिफारू नावाच्या छोट्याशा उपसागरात भरतीबरोबर प्लवक आत येतात आणि अडकतात. मग मांटा रे मासे येतात, तोंडं वासून, एकामागे एक गोल फिरत, कधी कधी शंभराच्या वर. ईशान्य वारे सुरू झाले की प्रवाह उलटतात, प्लवक द्वीपमालेच्या पश्चिम बाजूला साठू लागतात, आणि मांटाही बाजू बदलतात.