जैवविघटनशील प्लास्टिक आणि गुरांचे कोटीपोट

गुरांनी गिळलेल्या जैवविघटनशील प्लास्टिकचे पोटात काय होते, हा विषय गोव्यात रस्त्यावरच भेटतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये तत्कालीन कचरा व्यवस्थापन मंत्री मायकल लोबो म्हणाले होते की, कळंगुटहून मयेच्या गोशाळेत नेलेली ७६ भटकी गुरे चाऱ्याला तोंड लावत नाहीत. हॉटेलांतल्या उरल्यासुरल्या कोंबडीची आणि तळलेल्या मासळीची त्यांना सवय लागली आहे, असे लोबोंचे म्हणणे होते. बातमीची थट्टाच जास्त झाली. पण असे खरकटे बहुधा गाठ मारलेल्या पिशवीत असते आणि गाय गाठ सोडत बसत नाही. ती जिभेने घास ओढते. जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असल्याने तोंडात गेलेली पिशवी सहसा बाहेर येत नाही.

पिशवी पोहोचते ती कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात. मोठ्या गाईचे कोटीपोट शंभर लिटरहून अधिक भरते. आत तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस, सामू (पीएच) साधारण ६ ते ७, प्राणवायू जवळजवळ नाही, आणि गवतातील सेल्युलोज फोडणारे अब्जावधी सूक्ष्मजीव. चारा रवंथ होऊन बारीक झाला की एकदोन दिवसांत पुढे सरकतो. पातळ पिशवीचा असा भुगा होत नाही. ती पीळ खाऊन, दोऱ्या-चिंध्यांत गुंतून गोळा होते.

पॉलिथिनचे हे सूक्ष्मजीव काही बिघडवू शकत नाहीत. पॉलिएस्टर जातीच्या प्लास्टिकची गोष्ट वेगळी, कारण त्यातील एस्टर बंध पाण्याच्या मदतीने तोडणारी विकरे (एन्झाइम) कोटीपोटात असतात. व्हिएन्नातील संशोधकांनी २०२१ मध्ये कत्तलखान्यातून आणलेल्या कोटीपोटातील द्रवात तीन पॉलिएस्टर ठेवून पाहिले: पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक), पीबीएटी (कंपोस्टेबल पिशव्यांत वापरले जाणारे) आणि पीईएफ (वनस्पतिजन्य कच्च्या मालापासूनचे). तिन्हींचे विघटन झाले, पातळ पापुद्र्यापेक्षा भुकटीचे जलद. ‘गाय प्लास्टिक पचवते’ असे मथळे त्यावरून निघाले. प्रयोग मात्र प्रयोगशाळेतला होता, आणि गाय पिशवीची भुकटी करून खात नाही.

‘जैवविघटनशील’ या एका शब्दाखाली बरेच वेगवेगळे पदार्थ येतात. जिवाणूंनीच बनवलेले पीएचए हे प्लास्टिक तुलनेने लवकर फुटते. त्यातून सुटणारे हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्ल गाईच्या शरीराला अनोळखी नाही. मका-उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या पीएलएला मऊ पडायलाच ६० अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून ३९ अंशांत ते बराच काळ तसेच राहते. स्टार्चमिश्रित पिशवीतला स्टार्च सूक्ष्मजीव आधी फस्त करतात, उरतो पीबीएटीचा सांगाडा. ‘ऑक्सो-विघटनशील’ पिशवी तर धातूंचे क्षार घातलेले पॉलिथिनच. तिला प्राणवायू हवा, ऊन वा उष्णता हवी, आणि प्राणवायूच इथे नाही.

पिशवीवरचा ‘कंपोस्टेबल’ शिक्का कंपोस्टच्या ढिगापुरता खरा असतो. कंपोस्टेबल प्लास्टिकसाठीच्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाची चाचणी सुमारे ५८ अंशांवर, हवेशीर ढिगात होते आणि त्यासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत असते. भारतात प्लास्टिक पिशव्यांना असलेली किमान १२० मायक्रॉन जाडीची अट कंपोस्टेबल पिशव्यांना लागू नाही. त्या पातळच राहतात.

गोळा वाढला की भूक मंदावते, रवंथ थांबते, डावी कूस फुगते, दूध आटते. औषधाने तो गोळा विरघळत नाही. पशुवैद्य डाव्या कुशीवर छेद घेऊन कोटीपोट उघडतात आणि हाताने तो बाहेर काढतात. या शस्त्रक्रियेला रूमेनोटॉमी म्हणतात.