चुलबंदच्या डोहात ट्राऊट का नाही?

भाचा काश्मीरला जाऊन आला तो पहलगामच्या लिद्दर नदीत, परमिट काढून पकडलेल्या ट्राऊटचे फोटो दाखवत. वरून प्रश्न, "मामा, आपल्या चुलबंद नदीत का नाही सोडत हा मासा?"

सोडला तर संक्रांत कदाचित पाहील, होळी नाही. तसा तो काश्मीरचाही मूळचा नाही. 1900 च्या सुमारास इंग्रजांनी आपल्या गळाच्या हौसेपायी ब्रिटनहून अंडी आणवली आणि बर्फाच्या पाण्यात तो रुजला. त्याला 10 ते 16 अंशांचं पाणी मानवतं. 20 च्या वर तो खाणं टाकतो, 25 च्या आसपास जीव धोक्यात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमचे डोह तिशीच्या पुढे असतात.

नुसती उष्णता मारत नाही, दम कोंडतो. 10 अंशांच्या एक लिटर पाण्यात हवेतला साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यात माशाचं अंग पाण्याइतकंच तापतं, आतली सगळी कामं वेगानं चालतात आणि ऑक्सिजनची गरज वाढते. दुष्काळात पाहुणे यावेत तसं. शिवाय मे महिन्यात नदी वाहतच नाही. खळाळून हवा मिसळायची तीही सोय बंद.

मग त्याच कोमट, हिरव्या डोहात मरळ कशी जगते? तिच्या कल्ल्यांच्या वर घड्या पडलेल्या मऊ कातडीची एक पोकळी असते. ती थेट हवेतला ऑक्सिजन घेते. म्हणून बाजारात ओल्या पोत्याखाली ती तासन् तास जिवंत राहते. पण त्याची किंमत आहे : मोठ्या मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. वर येऊ दिलं नाही तर मासा असून ती पाण्यात गुदमरून मरते.

आमच्या शेजारचे ढिवर काका नेमकं हेच ओळखून बसतात. गरीला बेडकी, दोरीला तरंगायला धांड्याचा, म्हणजे ज्वारीच्या ताटाचा, तुकडा, नजर मात्र पाण्यावर. एक हलका बुडबुडा उठतो, वर्तुळ पसरतं. "ते पाह्य, वर आलं. पुन्हा येतेच," म्हणतात आणि गरी तिथंच अलगद सोडतात. जोरात पाय आपटला तर रागावतात, आणि बरोबरच आहे. काठाचा हादरा पाण्यात उतरतो आणि मासा तो अंगावरच्या रेषेनं टिपतो. तोंडानं बोललेलं त्याच्यापर्यंत फारसं पोचत नाही, हवेतला आवाज पाण्याला आपटून बहुतेक परततो.

पावसाळ्यात मात्र एक प्रकार मला पटत नाही. मरळीची लालसर पिल्लं पुंजक्यानं वर येतात, खाली आईबाप राखणीला. पुंजक्यात गरी टाकली की मोठी मरळ हमखास लागते, भुकेनं नव्हे, चवताळून. राखणदार गेला की पिल्लं इतर माशांच्या तोंडी. काका असा पुंजका दिसला की गरी गुंडाळून बिडी पेटवतात.

भाच्याला गेल्या आषाढात असा एक पुंजका दाखवला. त्यानं लगेच मोबाईल काढला. फोटोत नुसतं गढूळ पाणी आलं.