ड्राय ट्रान्सफर : चित्रपटांतील गाड्यांच्या प्रतिकृतींवरील वापर

ड्राय ट्रान्सफर म्हणजे पाणी न लावता, पारदर्शक शीटच्या वरून घासून पृष्ठभागावर उतरवायची छापील अक्षरे किंवा चिन्हे. संग्राहकांच्या १:४३, १:२४ आणि १:१८ मापांच्या मोटारींवर शर्यतीचे क्रमांक, बोधचिन्हे आणि नंबरप्लेटवरील अक्षरे उमटवण्यासाठी ती वापरली जातात. ‘लेट्रासेट’ या ब्रिटिश कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत बाजारात रुजवली. संगणक येण्यापूर्वी जाहिरात संस्थांत आणि वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत मथळे अशाच शीटवरून घासून उतरवत.

शीटवर छपाई उलट क्रमाने होते. पांढऱ्या वर्तुळात काळा आकडा हवा असेल, तर शीटवर आधी काळा, त्यामागे पांढरा आणि सर्वांत शेवटी दाबाने चिकटणाऱ्या डिंकाचा पातळ थर असतो. डिंकाच्या बाजूला सिलिकॉनचा लेप असलेला संरक्षक कागद येतो. घासल्यावर शाईची शीटवरची पकड सुटते आणि डिंक तिला रंगावर धरून ठेवतो. पाण्यातल्या डिकलमध्ये (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून लावायच्या छापील चित्रात) चित्राभोवती पारदर्शक पापुद्रा असतो आणि त्याखाली हवा अडकली की तो चंदेरी चमकतो. इथे पापुद्राच नसल्यामुळे अक्षर थेट रंगावर छापल्यासारखे दिसते. त्याची किंमत एकच, पण मोठी : एकदा टेकलेले ट्रान्सफर सरकवता येत नाही. म्हणून या कामातला खरा वेळ घासण्याआधीच्या तयारीत जातो.

हे तंत्र कुठे वापरावे आणि कुठे नाही, हे ‘द लव्ह बग’ (१९६८) या डिस्नेपटातल्या हर्बीवरून चांगले कळते. ही १९६३ ची मोतिया पांढरी फोक्सवॅगन बीटल. पुढचे बॉनेट, दोन्ही दारे आणि मागचे इंजिनाचे झाकण यांवर वर्तुळात ५३ हा आकडा, आणि पुढच्या बंपरपासून मागच्यापर्यंत लाल, पांढरे, निळे पट्टे. दारांवरच्या वर्तुळांना ड्राय ट्रान्सफर उत्तम बसते. बीटलचे बॉनेट मात्र लांबीत आणि रुंदीत असे दोन्हीकडून वळते. शाईचा थर ताणला जात नाही, त्यामुळे तिथे मोठे वर्तुळ कडेला सुरकुतते किंवा तडकते. लांब पट्ट्यांसाठी तर ट्रान्सफरचा विचारच करू नये; ते मास्किंग टेप लावून रंगवणेच योग्य. पट्टे गाडीच्या मधोमध नसून चालकाच्या, म्हणजे डाव्या, बाजूला आहेत, ही बाब बऱ्याच हौशी प्रतिकृतींत चुकते.

बॉनेटसाठी एक जुनी युक्ती आहे. ट्रान्सफर आधी कोऱ्या, पारदर्शक डिकल कागदावर घासायचे, त्यावर क्लिअरचा (पारदर्शक संरक्षक लेपाचा) हलका हात मारायचा, वाळल्यावर आकाराच्या अगदी कडेने कापायचे आणि पाण्यातल्या डिकलप्रमाणे लावायचे. वळणावर ते मऊ करणाऱ्या द्रावणाने बसवता येते. पापुद्रा परत येतो, पण वर्तुळासारख्या भरीव आकारात तो कडेपुरताच राहतो.

पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत आणि तेलकटपणाविरहित असावा. लॅकर रंगाला किमान एक-दोन दिवस, तेलाधारित इनॅमलला आठवडा किंवा त्याहून अधिक वाळू द्यावे. अर्धवट सुकलेल्या रंगात घासणीचे चरे उमटतात. तयार डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) गाडीवरची कारखान्यातली छपाई काढायला बारीक पॉलिश वापरले असेल, तर त्यातले मेण किंवा सिलिकॉन पूर्ण निघालेच पाहिजे, नाहीतर डिंक धरत नाही. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने धुवून, वाळवून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसावे. हे अल्कोहोल पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग उचलते, म्हणून आधी गाडीच्या तळाशी चाचणी घ्यावी.

हवे ते चिन्ह भोवती ४-५ मिमी जागा सोडून शीटवरून कापावे. संरक्षक कागद तोवर काढू नये. शेजारचे अक्षर चुकून दारावर चिकटते ते इथेच. जागा मोजून मास्किंग टेपच्या तुकड्यांनी आडवी आणि उभी रेघ आखावी. शीट त्या रेघांना जुळवून दोन कडांनी टेपने पक्की करावी आणि मगच घासायला घ्यावे.

बारीक अक्षरांना १ मिमीच्या गोल टोकाचे बर्निशर (घासण्याचे हत्यार) आणि भरीव आकारांना आइस्क्रीमच्या काडीसारखे रुंद, गुळगुळीत लाकूड योग्य. हलक्या हाताने, एकमेकांवर थोडे चढणाऱ्या एकाच दिशेच्या फटक्यांनी मधून कडेकडे जावे. शाई सुटली की शीटखाली तिचा रंग फिका, करडा दिसू लागतो. सगळीकडे तसा दिसेपर्यंत थांबू नये. जोर लावल्यास शीट ताणली जाऊन अक्षर लांबते किंवा त्यावर केसासारख्या भेगा पडतात. टोक तीक्ष्ण असेल तर शीटच फाटते. मग एका कोपऱ्यापासून शीट स्वतःवरच दुमडल्यासारखी, अगदी सावकाश उचलावी. दुसरी कड टेपने धरलेली असल्यामुळे एखादा तुकडा मागे राहिलेला दिसला तर शीट त्याच जागी परत टेकवून घासता येते. शेवटी संरक्षक कागदाची गुळगुळीत बाजू अक्षरावर ठेवून पुन्हा एकदा घासावे. हा टप्पा वगळला की कडा नंतर उचलतात.

दाराच्या फटीवरून जाणारे चिन्ह फटीत दाबून बसत नाही. ते आधी सरळ घासून, नव्या पात्याने फटीच्या रेषेत कापावे आणि कडा टूथपिकने आत वळवाव्यात. चुकलेले अक्षर ताबडतोब चिकटपट्टीने टिपून उचलावे. उरलेला डिंक व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करण्याच्या खनिज तेलाच्या द्रावकाने) जातो, पण खालचा रंग इनॅमल असेल तर ते वापरू नये.

नंबरप्लेटवर या पद्धतीला तोड नाही. बाँडच्या अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ वरील बीएमटी २१६ए ही अक्षरे १:४३ मापात जेमतेम २ मिमी उंचीची होतात. एवढ्या छोट्या प्लेटवर डिकलचा पापुद्रा लगेच नजरेत भरतो. अक्षरे सुटी घासायची असतील तर मधल्या अक्षरापासून दोन्ही बाजूंना जावे, म्हणजे अंतराची चूक एका टोकाला साठत नाही. गडद रंगावर पांढरे अक्षर लावताना शाई पातळ असल्यास खालचा रंग झिरपल्यासारखा दिसतो. अशा वेळी तेच अक्षर दुसऱ्यांदा वर बसवण्याचा मोह टाळावा, कारण ते तंतोतंत जुळत नाही. अपारदर्शक छपाईची शीट घ्यावी.

एक दिवस गेल्यावर क्लिअर कोट. थिनरवर आधारित लॅकर क्लिअर ओला मारला तर तो डिंक विरघळवतो आणि कडा गुंडाळतात. २०-२५ सेमी अंतरावरून फवाऱ्याचे दोन-तीन धुरकट हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटे, आणि मगच पूर्ण हात द्यावा. किंवा पाण्याधारित ॲक्रिलिक क्लिअर वापरावा. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत लॅकरवर पांढरट धुके धरते, म्हणून हे काम कोरड्या दिवसापर्यंत पुढे ढकलावे. मेण-पॉलिश फक्त क्लिअर पूर्ण कडक झाल्यावर, त्याआधी नाही.

जुन्या शीटचा डिंक सुकतो आणि शाई ठिसूळ होते. शीटच्या कोपऱ्यात छापलेले एखादे फालतू अक्षर प्लास्टिकच्या तुकड्यावर घासून पाहावे. ते तुकड्यातुकड्यांनी उतरले तर ती शीट गाडीवर वापरू नये. शीट सपाट, संरक्षक कागदासह, सिलिका जेलच्या पुडीबरोबर झिपच्या पिशवीत, उन्हापासून दूर ठेवाव्यात. उन्हाळ्यात कपाटाच्या वरच्या फळीवर राहिलेल्या शीटचा डिंक मऊ होऊन संरक्षक कागदालाच चिकटतो.