मस्कीची अनपेक्षित पकड

मस्कीची अनपेक्षित पकड : बास, वॉलआय, पर्च, क्रॅपी अशा दुसऱ्याच माशासाठी टाकलेल्या गळाला मोठा मस्केलंज हा शिकारी मासा लागणे. उत्तर अमेरिकेतील हौशी मासेमार या माशाला मस्की म्हणतात. ही घटना विरळा असली, तरी ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स नदी, विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि ऑन्टॅरिओ येथील गळाच्या मासेमारीत ती परिचयाची आहे. मस्कीच्या संवर्धनाच्या दृष्टीने तिला जितके महत्त्व द्यायला हवे, तितके आजवर मिळालेले नाही.

मस्कीचे शास्त्रीय नाव एसॉक्स मॅस्किनाँजी. या जातीचे वर्णन मिचिल यांनी १८२४ मध्ये केले. कूल एसॉसिडी, म्हणजे पाइक माशांचे. लांबट शरीर, बदकाच्या चोचीसारखे चपटे मुस्कट आणि शेपटीजवळ सरकलेला पृष्ठपक्ष (पाठीवरील पर) यांमुळे हा मासा दबा धरून एका झेपेत भक्ष्य टिपतो. नॉर्दर्न पाइकशी त्याची नेहमी गल्लत होते आणि अनपेक्षित पकडीत तर हमखास होते. पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात. मस्कीच्या फिकट अंगावर गडद ठिपके किंवा पट्टे असतात, क्वचित काहीच खुणा नसतात. रंग मात्र पाण्यागणिक बदलतो, म्हणून त्यावर विसंबू नये. खालच्या जबड्याच्या तळाशी संवेदी छिद्रे मोजणे अधिक भरवशाचे. पाइकला एका बाजूस बहुधा पाच छिद्रे असतात, मस्कीला सहा ते नऊ. शिवाय पाइकचा गाल पूर्ण खवल्यांनी झाकलेला असतो, तर मस्कीच्या गालाच्या खालच्या अर्ध्या भागावर खवले नसतात.

‘ट्रॉफी’, म्हणजे मिरवण्याजोगा, आकार नेमका किती, यावर एकमत नाही. मासेमारांच्या बोलण्यात ५० इंच (१२७ सेंमी.) ही मर्यादा रूढ आहे. त्यापुढे वाढतात त्या बहुतेक माद्याच, आणि तिथवर पोचायला त्यांना साधारण दीड दशक लागते. पाण्यागणिक यात बराच फरक पडतो. कॅसलमन आणि क्रॉसमन या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९७९ पासून मोठ्या मस्कींच्या खांद्याच्या कमानीतील क्लीथ्रम हे सपाट हाड गोळा करून त्यावरील वार्षिक वलये मोजली. वयाबद्दलचे आजचे बरेचसे ज्ञान या प्रकल्पातून आले आहे. खवल्यांवरून काढलेले वय म्हाताऱ्या माशांत कमी भरते, त्यामुळे जुन्या नोंदींतील वये जपून वापरावीत.

कारणमीमांसा : मस्कीला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. ही संख्या मोजून काढलेली नाही, लोकोक्ती आहे. मोठे आमिष, जाड दोर आणि खास दांडी घेऊन केवळ मस्कीमागे लागलेला माणूस दिवसच्या दिवस रिकामा परततो आणि शेजारच्या होडीत पर्च धरणाऱ्याच्या गळाला मस्की लागते. याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात.

पहिले आमिषाच्या आकाराविषयी आहे. मोठ्या माशाला मोठेच भक्ष्य लागते, हा समज मस्कीच्या मासेमारीत खोल रुजला आहे. बोझेक आणि सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिनमधील ३४ जलाशयांतून मिळालेल्या हजाराहून अधिक मस्कींच्या पोटातील अन्न तपासले (१९९९). त्यात यलो पर्च आणि सकर हे मासे प्रमुख ठरले. भक्ष्याची लांबी मस्कीच्या लांबीच्या अगदी थोड्या भागापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत आढळली. म्हणजे बोटभर आमिष मस्कीला वर्ज्य नाही. याच अभ्यासात वॉलआय फारच थोडे सापडले. मस्की आमचे वॉलआय फस्त करते, अशी तक्रार अनेक तळ्यांकाठी ऐकू येते, तिला निदान या पुराव्याचा आधार नाही.

दुसरे स्पष्टीकरण असे की, वर्षानुवर्षे मोठी आमिषे पाहिलेले आणि पकडून सोडलेले मासे सावध होतात आणि लहान, अनोळखी आमिषाला फसतात. हे मासेमारांचे लाडके मत आहे. इतर जातींत गळ टाळायला शिकण्याचे पुरावे मिळतात, त्यामुळे ते अशक्य म्हणता येत नाही. पण मस्कीबाबतची मांडणी प्रामुख्याने वैयक्तिक अनुभवांवर उभी आहे.

तिसरे स्पष्टीकरण साध्या हिशेबाचे आहे. कोणत्याही तळ्यावर गळ टाकण्यात जाणाऱ्या एकूण तासांपैकी बहुतेक तास वॉलआय, बास आणि पर्चसाठी खर्च होतात. मस्कीसाठी त्यांतला अगदी लहान वाटा येतो. मस्की विरळ असते, बऱ्याच तळ्यांत एकरी एक प्रौढ मासाही भरत नाही. पण ती राहते त्याच पाणवनस्पतींच्या कडेला, जिथे तिचे भक्ष्य असते, आणि ते भक्ष्य धरणारी माणसेही तिथेच असतात. दर तासाला शक्यता नगण्य असली, तरी तासच इतके असतात की काही मस्की गळाला लागणारच. अनपेक्षित पकडीत गूढ असे काही नसून ती या असमान वाटपाचा परिणाम आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या स्पष्टीकरणाची त्याला जोड हवी. दुसऱ्यावाचून फारसे अडत नाही.

ऋतूचाही संबंध आहे. बर्फ वितळल्यावर, साधारणपणे पाइकनंतर, पाणी ९ ते १५ अंश सेल्सिअस असताना मस्की उथळ खाडीत अंडी घालते. त्याच सुमारास क्रॅपी आणि बास धरणारेही उथळ पाण्यावर येतात. थंड पाण्यात हळू सरकणारे लहान आमिष मस्की सहज घेते. वॉलआयसाठी होडीमागे आमिष ओढणाऱ्यांना ती खुल्या पाण्यातही भेटते.

याहून वेगळा प्रकार म्हणजे गळाला लागलेल्या माशावर मस्कीने झडप घालणे. धडपडणाऱ्या पर्चला किंवा वॉलआयला ती मधोमध आडवे धरते आणि सोडत नाही. ती स्वतः गळाला अडकलेली नसतेच. बहुधा होडीच्या कडेला येताच ती जबडा उघडते आणि निघून जाते. कधी दातांत दोर गुंततो किंवा गळाचा एखादा आकडा लागतो, आणि मासा हाती येतो.

दोर आणि दात : लागलेल्या मस्कींपैकी फार थोड्या बाहेर येतात. मस्कीचे मासेमार आमिषाच्या पुढे पोलादी तार किंवा जाड फ्लुओरोकार्बनचा तुकडा बांधतात. बास किंवा वॉलआयच्या सरंजामात तो नसतो. तिथे ८ ते १२ पौंड ताकदीचे तंगूस असते, दातांना घासताच ते तुटते. ‘काहीतरी मोठे लागले आणि कापून गेले’ या नेहमीच्या हकीकतीतील काही मासे मस्कीच असावेत, पण त्यांची मोजदाद होत नाही. मासा टिकतो तो बहुधा आकडा जबड्याच्या कोपऱ्यात लागला तर. तेव्हा दोर दातांच्या बाहेरून जातो. खोल गिळलेल्या आमिषाने मस्की हाती येणे हा निव्वळ नशिबाचा भाग.

विक्रमांचा प्रश्न : मस्कीचे सर्वांत मोठे विक्रम वादग्रस्त आहेत. लुई स्प्रे यांचा ६९ पौंड ११ औंसांचा (सु. ३१.६ किग्रॅ.) आणि कॅल जॉन्सन यांचा ६७ पौंड ८ औंसांचा (सु. ३०.६ किग्रॅ.) हे दोन्ही मासे १९४९ मध्ये विस्कॉन्सिनातील हेवर्डच्या परिसरात धरले गेले. पहिल्याला हेवर्ड येथील फ्रेश वॉटर फिशिंग हॉल ऑफ फेमची मान्यता आहे, तर दुसऱ्याला इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनची. छायाचित्रांवरून केलेल्या मोजणीने स्प्रे यांच्या माशावर २००५ मध्ये गंभीर आक्षेप घेतले गेले, मात्र हॉल ऑफ फेमने विक्रम कायम ठेवला. सेंट लॉरेन्स नदीतील १९५७ चा आर्ट लॉटन यांचा दावा १९९२ मध्ये रद्द झाला. यामुळे अलीकडे तज्ञांसमोर मोजलेल्या माशांना अधिक महत्त्व दिले जाते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांतील दोन लक्षणीय आहेत. १९८८ च्या ऑक्टोबरात ऑन्टॅरिओतील जॉर्जियन बे येथे मून नदीच्या मुखाजवळ ६५ पौंडांचा (सु. २९.५ किग्रॅ.), ५८ इंच लांबीचा मासा मिळाला. आमिष जेमतेम चार इंची होते. क्लीथ्रमवरून माशाचे वय सुमारे ३० वर्षे ठरले. ऑक्टोबर २०१२ मध्ये मिशिगनमधील बेलेअर तळ्यात ५८ पौंडांची (सु. २६.३ किग्रॅ.), ५९ इंच लांब मस्की मिळाली. तो राज्याचा विक्रम ठरला. मासेमार स्मॉलमाउथ बासच्या शोधात होता, दोर ८ पौंडी होता आणि मासा आणायला सुमारे दोन तास लागले.

सोडलेल्या माशाचे काय होते : खरा चिंतेचा भाग हा आहे. बेग्ज आणि सहकाऱ्यांनी (१९८०) गळाने धरलेल्या मस्कींच्या रक्तातील बदल तपासले. त्यांतील सुमारे ३० टक्के मासे मेले. ही टक्केवारी पुढे दीर्घकाळ उद्धृत होत राहिली. लँड्समन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात (२०११) मात्र जाणकार मस्कीमारांनी योग्य साधनांनी धरून सोडलेले मासे तगले. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी हाताळणीतील फरक लक्षात घेता तसे नाहीत. जाणकाराकडे मासा पाण्यातच ठेवता येईल असे मोठे जाळे, लांब पकड आणि आकडा कापणारी कातर असते. बाससाठी निघालेल्याकडे यांतले काहीच नसते. हलक्या दोरावर झुंज लांबते, स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते, मग मासा होडीत आपटतो, छायाचित्रासाठी जबड्याने उभा टांगला जातो आणि पाण्याबाहेरचा वेळ वाढत जातो. पाण्याचे तापमान २६-२७ अंशांपुढे गेले की जाणकार मस्कीमार मासेमारी थांबवतात. इतरांचे गळ उन्हाळाभर पाण्यात असतातच. म्हणून अनपेक्षित पकडीतील मृत्यूचे प्रमाण हेतुपुरस्सर पकडीपेक्षा जास्त असावे, असे मानणे सयुक्तिक आहे. जिवंत आमिष गिळलेल्या माशांबाबत धोका सर्वाधिक दिसतो. अशा वेळी आकडा ओढून काढण्याऐवजी दोर कापणे श्रेयस्कर.

मस्कीज इंक ही संघटना १९६६ मध्ये मिनेसोटात स्थापन झाली. पकडून सोडण्याची प्रथा रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. पण तिचा प्रभाव मुख्यतः मस्कीमारांपुरता राहिला.

नियम : मिनेसोटात मस्की बाळगण्यास किमान ५४ इंच लांबी लागते, तर विस्कॉन्सिनमध्ये सर्वसाधारण मर्यादा ४० इंचांची असून काही पाण्यांत ती ५० आहे. मिनेसोटात वॉलआयचा हंगाम मे महिन्यात आणि मस्कीचा जूनमध्ये सुरू होतो. मधल्या काळात लागलेली मस्की कितीही मोठी असली, तरी तत्काळ सोडावी लागते. पाइक समजून मस्की ठेवणे हाही गुन्हाच ठरतो.

मूळ क्षेत्राबाहेर : कॅनडातील न्यू ब्रन्सविकच्या सेंट जॉन नदीत मस्की मूळची नाही. क्यूबेकमधील लाक फ्रॉन्तिएर येथे सोडलेल्या माशांची संतती प्रवाहाबरोबर खाली पसरली. तेथे स्मॉलमाउथ बासच्या गळाला ती लागते. अटलांटिक सामनच्या पिलांना तिच्यापासून धोका असल्याची भीती व्यक्त होते, त्यामुळे लागलेला मासा सोडावा की ठेवावा, यावर नदीकाठी मतभेद आहेत. दक्षिणेकडील कृत्रिम जलाशयांतही, जिथे मस्की मुद्दाम सोडली गेली आहे, बास धरणाऱ्यांना ती मिळते.