डोळ्यांच्या हालचालींची उपचारपद्धती (ईएमडीआर): आमच्या समुपदेशन केंद्रात येण्याआधी एवढं वाचा

अपघातातून माणूस वाचतो, प्लास्टर निघतं, विम्याचे कागदही मार्गी लागतात. तरी पुणे रस्त्यावर मागून ट्रकचा हॉर्न वाजला की छातीत धस्स होतं. घरचे म्हणतात, "धसका घेतलाय, जाईल हळूहळू." बऱ्याच जणांचा जातोही. पण महिना उलटून गेल्यावरही तेच दृश्य डोळ्यांसमोर येत असेल, झोप मोडत असेल, तो रस्ता किंवा ते कारखान्याचं दार टाळावंसं वाटत असेल, तर त्याला मनाचा कच्चेपणा म्हणू नका. हा आघातानंतरचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

त्यातला एक म्हणजे ईएमडीआर. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये तो सुरू केला आणि १९८९ मध्ये त्यावरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या आजारासाठी त्याची शिफारस केली.

बैठकीत काय होतं?

सुरुवातीलाच कुणी डोळ्यांसमोर बोट हलवत नाही. पद्धतीचे आठ टप्पे आहेत. आधी तुमची पूर्ण माहिती घेतली जाते आणि मन घाबरलं तर शांत कसं करायचं हे शिकवलं जातं. त्यानंतर त्रास देणारी एक आठवण निवडायची. ती आत्ता किती छळते, याला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. मग ती आठवण मनात धरून समुपदेशकाच्या हलत्या बोटांमागे नजर डावी-उजवीकडे फिरवायची. अर्धा मिनिटभर झालं की थांबून मनात काय आलं ते थोडक्यात सांगायचं आणि पुन्हा सुरू करायचं. आकडा खाली येईपर्यंत हे चालतं. एका बैठकीला तास-दीड तास लागतो.

घडलेलं सगळं तपशिलात बोलून दाखवावं लागत नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. घरातला किंवा कामावरचा अत्याचार सोसलेल्या बाईला गल्लीत चर्चा होईल म्हणून तोंड उघडणं कठीण जातं. ती आठवण मनातल्या मनात धरू शकते, तेलुगूत किंवा कन्नडमध्येसुद्धा.

संशोधन काय सांगतं?

उपचाराने फरक पडतो, यावर आता फारसा वाद नाही. वाद आहे तो का पडतो यावर. २००१ मधल्या एका मोठ्या आढाव्यात डोळे हलवल्याने जास्तीचा काही फायदा दिसला नव्हता. २०१३ च्या आढाव्यात मात्र तो दिसला. सध्या सर्वांत जास्त आधार असलेलं स्पष्टीकरण असं: मनाची एका वेळी सांभाळण्याची ताकद मर्यादित असते. आठवण आणि नजरेचं काम दोन्ही एकदम आलं की आठवणीचं चित्र फिकं पडतं, आणि मनात पुन्हा साठताना ते तसं फिकंच साठतं.

मेंदूबद्दलही नवं काही हाती आलं आहे. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना दिसलं की नजर अशी फिरवताना मेंदूतल्या भीतीच्या केंद्राची हालचाल मंदावते. २०१९ मध्ये कोरियातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांसमोर डावी-उजवीकडे सरकणारा प्रकाश धरला. त्यांची भीती कमी झाली आणि डोळ्यांपासून त्या केंद्रापर्यंतचा मेंदूतला मार्गही सापडला. अर्थात उंदीर तो उंदीर. माणसाच्या दुःखाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये.

२०२४ च्या एका विश्लेषणात ३४६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. ईएमडीआर आणि आघातावरच्या इतर मानसोपचारांच्या परिणामात ठळक फरक आढळला नाही. म्हणून कुणी "हाच एकमेव उपाय" म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका, आम्ही म्हणालो तरीही. रोजचा कामाचा ताण, परीक्षेची धास्ती, धंद्यातली ओढाताण यांसाठी पुरावा बराच तोकडा आहे. तशा तक्रारींसाठी आम्ही आधी साधं समुपदेशनच सुचवतो.

किती बैठका?

ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना साधारण ८ ते १२. आघात अनेक असतील तर जास्त. घटना जुनी असली तरी चालतं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची भीती आजही मनात असेल तर त्यावरही काम करता येतं.

हे आधी सांगा

फिट येत असतील, डोळ्यांचा विकार असेल, दिवस गेले असतील, भास होत असतील किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. डोळे हलवणं जमत नसेल तर हातांवर आलटून पालटून हलक्या टिचक्या देऊनही काम होतं. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग तर मुळीच नको. आठवण वर आली आणि सावरायला जवळ कुणी नसलं तर त्रास वाढतो.

समुपदेशकाचं प्रशिक्षण कुठे झालं, नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा. आमच्याकडेही विचारा. विचारल्याचं आम्हाला वाईट वाटत नाही.

बैठकीनंतर एक-दोन दिवस थकवा आणि विचित्र स्वप्नं येऊ शकतात. त्या दिवशी शक्यतो कारखान्यात रात्रपाळी घेऊ नका, गाडी स्वतः चालवू नका, सोबत घरचं कुणी आणा. मध्येच फार अस्वस्थ वाटलं आणि आमचं केंद्र बंद असलं, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.