मेम्फिस : साथीने ओस पाडलेले शहर आणि तिथे रुजलेले संगीत

ब्लूज, रॉक अँड रोल आणि सोल या तिन्ही संगीतप्रकारांच्या इतिहासात मेम्फिसचे नाव वारंवार येते. त्याचे श्रेय सहसा थोर गायक-वादकांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु या शहरात गाण्याला जागा कशी मिळाली आणि ती कोणाच्या मालकीची होती, हे पाहिल्याशिवाय इथले संगीत पुरते उमगत नाही.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील उंच कड्यावर १८१९ मध्ये हे शहर वसवले गेले. हा प्रदेश आदल्याच वर्षी चिकासॉ या मूळनिवासी लोकांकडून कराराने घेण्यात आला होता. भोवतालच्या मळ्यांत गुलामांच्या श्रमांवर पिकणारा कापूस इथल्या धक्क्यावर येई आणि आगबोटींनी पुढे जाई. यादवी युद्धात, जून १८६२ मध्ये, शहर उत्तरेच्या फौजांच्या ताब्यात गेले आणि मळ्यांतून सुटलेले हजारो कृष्णवर्णीय इथे आश्रयाला आले. मे १८६६ मध्ये गोऱ्या जमावाने, त्यात पोलीसही होते, त्यांच्या वस्त्यांवर हल्ले करून ४६ कृष्णवर्णीयांचा बळी घेतला.

शहराचा चेहरामोहरा बदलला तो मात्र १८७८ च्या पीतज्वराने. ज्यांना शक्य होते असे सुमारे २५,००० लोक शहर सोडून गेले. मागे उरलेल्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. पाच हजारांहून अधिक माणसे दगावली, तिजोरी रिकामी झाली आणि १८७९ मध्ये शहराची सनद, म्हणजे स्वतःचा कारभार चालवण्याचा अधिकारही गेला. जमिनींचे भाव कोसळले असताना त्या विकत घेत गेला तो रॉबर्ट चर्च. हा गृहस्थ गुलामगिरीत जन्मलेला आणि १८६६ च्या हिंसाचारात गोळी लागूनही बचावलेला होता. सार्वजनिक बागांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, त्या काळात, १८९९ मध्ये, त्याने बील स्ट्रीटवर स्वखर्चाने उद्यान आणि मोठे सभागृह उभारले. पुढे याच रस्त्याच्या परिसरात डब्ल्यू. सी. हँडी यांचा वाद्यवृंद नावारूपाला आला आणि १९१२ मध्ये त्यांनी ‘मेम्फिस ब्लूज’ छापून प्रसिद्ध केले. ब्लूजच्या लिखित इतिहासातला हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो, आणि माझ्या मते त्यात चर्च यांच्या जमीनखरेदीचाही वाटा आहे.

१९४८ पासून डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्राने कृष्णवर्णीय निवेदकांना ध्वनिक्षेपकापुढे बसवले, ब्लूज गायक व गिटारवादक बी. बी. किंग तिथलेच. १९५० मध्ये सॅम फिलिप्स यांनी युनियन अव्हेन्यूवर लहानसा ध्वनिमुद्रण स्टुडिओ उघडला, तिथे १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीची पहिली तबकडी तयार झाली. ही कथा सर्वपरिचित आहे.

स्टॅक्स या सोल संगीताच्या ध्वनिमुद्रण कंपनीची कथा अधिक सांगण्याजोगी आहे. जिम स्ट्यूअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी १९६० मध्ये मॅकलमोर अव्हेन्यूवरचे बंद पडलेले चित्रपटगृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच ठेवला. त्यामुळे तिथल्या ध्वनिमुद्रणाला एक वेगळाच भरीव नाद आला. जिथे खाऊ विकला जाई तिथे अ‍ॅक्स्टनबाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले, आणि आसपासची कृष्णवर्णीय मुले कोणत्या गाण्यावर थिरकतात हे पाहून त्या नव्या गाण्यांची पारख करीत. शहरात वर्णभेद कडक असताना या उतारावर काळे-गोरे वादक एकत्र वाजवत होते.

एकत्र बसण्याची त्यांची दुसरी जागा म्हणजे कृष्णवर्णीयांच्या मालकीचे लॉरेन मोटेल. ‘नॉक ऑन वुड’ हे गाणे तिथेच लिहिले गेले. डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगारांचा मृत्यू झाला, त्यानंतर सुमारे १,३०० कामगार संपावर गेले; त्यांच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला याच मोटेलच्या सज्जात हत्या झाली. स्टॅक्समधला सलोखा त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. कंपनी १९७५ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, १९८९ मध्ये इमारत पाडली गेली, आणि २००३ मध्ये त्याच जागेवर तिची प्रतिकृती उभारून संग्रहालय सुरू झाले. तिथला स्टुडिओही उतरत्या जमिनीचाच बांधला आहे.