नाबोथाचा द्राक्षमळा

बायबलच्या जुन्या करारातील ‘१ राजे’ या ग्रंथाच्या २१व्या अध्यायातील कथा. राजसत्ता आणि परमेश्वराचा न्याय यांच्या संबंधाची चर्चा निघाली की ती हमखास पुढे येते. कथेतला राजा अहाब इ.स.पू. नवव्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यावर होता. अश्शूरचा (असिरियाचा) राजा तिसरा शल्मनेसर याच्या कुर्ख येथील शिलालेखात, इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कर येथे त्याच्याविरुद्ध लढलेल्या राजांमध्ये, २,००० रथांसह अहाबाचा उल्लेख आहे.

इज्रेल येथे अहाबाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. तिथे भाजीपाला लावावा म्हणून राजाने तो मागितला. बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. बोलणी काही वाईट नव्हती. पण वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथाने स्पष्ट सांगितले. बायबलमधील लेवीय या ग्रंथानुसार (२५:२३) जमीन परमेश्वराची. कसणारे तिच्यावर उपरे, म्हणून ती कायमची विकता येत नाही. म्हणजे राजासुद्धा मालक नव्हे. हे अहाबाला ठाऊक असावे, कारण तो जबरदस्ती न करता घरी जाऊन तोंड फिरवून उपाशी पडून राहिला.

त्याची राणी ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी. इस्राएलवर सत्ता तुमचीच ना, असे तिने नवऱ्याला टोचले आणि राजाच्या नावाने, त्याच्याच मोहरेची पत्रे गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली. पुढचे सगळे रीतसर झाले, आणि कथेचा खरा धाक इथेच आहे. उपास जाहीर झाला. मोशेच्या नियमशास्त्राला दोन साक्षी लागतात, म्हणून दोन अधम माणसे बसवली. देवाला आणि राजाला शिव्याशाप दिल्याचा आरोप ठेवून नाबोथाला गावाबाहेर दगडमार करण्यात आला. पत्र आले तेव्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणी नाही म्हटल्याची नोंद नाही.

या साऱ्यात परमेश्वर कुठेच बोलत नाही. तो नाबोथाला वाचवत नाही आणि याचे स्पष्टीकरणही अध्यायात नाही. भाष्यकार ते बाहेरून आणून जोडतात. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला उतरतो, तेव्हा मात्र परमेश्वराचा संदेष्टा एलीया समोर उभा राहतो : खून केलास आणि वतनही बळकावलेस? पत्रे राणीने लिहिली होती, तरी जाब पहिल्यांदा राजाला विचारला जातो. मोहोर त्याची होती. निरोपच असा होता की जिथे कुत्र्यांनी नाबोथाचे रक्त चाटले, तिथे तुझेही चाटतील. ईजबेललाही वेगळी शिक्षा सांगितली आहे.

प्रवचनांत एवढ्यावरच थांबण्याचा मोह होतो. पण खरी अडचण पुढच्या ओळींत आहे. अहाब कपडे फाडतो, गोणताट नेसतो, उपास करतो, आणि परमेश्वर एलीयाला सांगतो की हा नम्र झाला आहे, म्हणून अरिष्ट याच्या हयातीत नाही, याच्या मुलाच्या काळात आणीन. अहाबापेक्षा दुष्ट कोणी नव्हता, असे लिहून जेमतेम दोन ओळी झालेल्या असतात. दया लायकी पाहून मिळत नाही, हा अर्थ सहसा काढला जातो आणि तो मजकुराला धरून आहे. मात्र सवलतीची किंमत मुलावर पडते. बापाच्या पापासाठी मुलाला मरावे लागू नये, असे बायबलच्याच ‘अनुवाद’ (२४:१६) आणि ‘यहेज्केल’ (अध्याय १८) या ग्रंथांत म्हटले आहे. तिथे आणि इथे मेळ बसवणे सोपे नाही. नाबोथाचा मळा त्याच्या घरच्यांना परत मिळाल्याचेही कुठे लिहिलेले नाही.

अहाब रामोथ-गिलादच्या लढाईत मेला. राजधानी शोमरोनच्या तळ्यावर त्याचा रथ धुताना कुत्र्यांनी रक्त चाटले, असे पुढच्या अध्यायात आहे. त्याचा मुलगा योराम याला सेनापती येहूने मारून नाबोथाच्याच शेतात टाकले (२ राजे ९). त्या वेळी येहू नाबोथाच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख करतो. २१व्या अध्यायात मुले नाहीत, त्यामुळे ही आठवण वेगळ्या परंपरेतून आली असावी, असे काही अभ्यासक मानतात. येहूने हे सारे परमेश्वराच्या नावाने केले. तरी होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथात (१:४) इज्रेलच्या त्याच रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला शिक्षा करीन, असे परमेश्वर म्हणतो.